वय ७६, जठराचा कॅन्सर चौथ्या टप्प्यात: औषध किती, कोणतं आणि कधी थांबायचं?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

"या वयात केमो झेपेल का?" हा प्रश्न पत्रांतून वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला जातो. या अंकात जठराच्या पसरलेल्या कॅन्सरवरची अशी पत्रं एकत्र घेतली आहेत. पसरलेला म्हणजे यकृतात, पोटाच्या आतल्या आवरणावर किंवा दूरच्या गाठींत गेलेला, ऑपरेशनने काढून टाकता न येणारा. इथे औषध देतात ते आयुष्य वाढावं आणि त्रास आटोक्यात राहावा म्हणून. खाली दिलेले डोस डॉक्टरांशी नीट बोलता यावं यासाठी आहेत, घरी गोळ्या कमी-जास्त करण्यासाठी नाहीत.

प्रश्न: वडील ७६ वर्षांचे, उंची १६० सेंटिमीटर. तीन महिन्यांत वजन ५५ वरून ४८ किलोवर आलं. कॅन्सर यकृतात पसरला आहे. एक डॉक्टर म्हणाले, "वय झालंय, घरी सेवा करा." दुसरे केमो द्यायला तयार आहेत, पण कमी डोसने. क्रिएटिनिन १.१, म्हणजे नॉर्मल. मग डोस कमी का? अर्धवट औषधाने गुणही अर्धवटच येणार ना? (एक वाचक, सांगली)

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण ती खरोखर तपासून पाहिलेली आहे. ब्रिटनमध्ये २०१४ ते २०१७ या काळात 'जीओ-२' नावाची चाचणी झाली. वयामुळे किंवा अशक्तपणामुळे ज्यांना पूर्ण ताकदीची केमो देणं डॉक्टरांना धोक्याचं वाटत होतं, असे ५१४ रुग्ण तिच्यात घेतले. त्यांत जठराचे होते तसे अन्ननलिकेचेही होते. सगळ्यांना औषधं तीच दोन: दर २१ दिवसांनी ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि रोज दोन वेळा कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. एका गटाला पूर्ण डोस, दुसऱ्याला ८० टक्के, तिसऱ्याला ६० टक्के. निम्म्या रुग्णांत आजार पुन्हा वाढायला लागलेला वेळ अनुक्रमे ४.९, ४.१ आणि ४.३ महिने निघाला. आयुष्याचा तसाच मधला आकडा ७.५, ६.७ आणि ७.६ महिने. म्हणजे ६० टक्केवाले मागे पडले नाहीत. रक्तपेशी सोडून इतर गंभीर त्रास मात्र पूर्ण डोसवर ५६ टक्के लोकांना झाला, ६० टक्के डोसवर ३७ टक्के. त्यातल्या त्यात धडधाकट रुग्ण वेगळे काढून पाहिले, तरी त्यांनाही जादा डोसचा जादा फायदा दिसला नाही.

तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेला कमी डोस ही हातचं राखून केलेली गोष्ट नव्हे. मात्र याच आकड्यांत एक कडू भागही आहे. हे महिन्यांचे हिशेब आहेत. काहींना बराच जास्त वेळ मिळतो, काहींना कमी. पण वर्षानुवर्षं मिळतील असं धरून जमीन विकायला काढू नका.

आता क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी. रिपोर्टवर १.१ च्या पुढे तारा नसला की घरचे निर्धास्त होतात, आणि कधी कधी डॉक्टरही. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. सात किलो वजन गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायूच झडलेले असतात, म्हणून मूत्रपिंड थकलेलं असूनही आकडा चांगला दिसतो. मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करतं, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स, ते कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने घरीही काढता येतं: १४० वजा वय, गुणिले वजन, त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं. स्त्री असेल तर आलेला आकडा ०.८५ ने गुणायचा. तुमच्या वडिलांचं गणित असं: ६४ गुणिले ४८ म्हणजे ३०७२, भागिले ७९.२, उत्तर ३९. लॅबच्या कागदावर छापून येणारा ईजीएफआर (हाच अंदाज, पण दुसऱ्या सूत्राने) याच माणसाला ७० च्या आसपास दाखवेल, कारण त्यात वजन धरतच नाहीत, तो १.७३ चौरस मीटरच्या ठरावीक शरीराला धरून काढतात. वडिलांचं शरीर १.४६ चौरस मीटरचं आहे. कॅपेसिटाबिनसाठी ३० ते ५० या पट्ट्यात डोस ७५ टक्के करतात आणि ३० च्या खाली ते देतच नाहीत. म्हणून फाइलवर "क्रिएटिनिन नॉर्मल" एवढंच लिहिलेलं असेल, तर क्रिएटिनिन क्लिअरन्स किती, हे विचारून घ्या.

गोळ्यांच्या भाषेत याचा अर्थ काय होतो, तेही पाहा. नेहमीच्या 'कॅपॉक्स' पद्धतीत कॅपेसिटाबिन दर चौरस मीटरला १००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी. वडिलांच्या मापाला ते एका वेळी साधारण १५०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे ५०० च्या तीन गोळ्या. मूत्रपिंडासाठी कपात केली की दोन गोळ्या. जीओ-२ मध्ये गोळ्या मधे सुट्टी न देता रोज होत्या. पूर्ण डोस ६२५, तर ६० टक्क्यांचा ३७५ मिलिग्रॅम दर चौरस मीटरला. त्या हिशेबाने सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी. एकाच औषधाची चिठ्ठी तीन घरांत तीन तऱ्हेची दिसते ती यामुळे. दुसऱ्या कुणाची चिठ्ठी पाहून आपल्या माणसाला कमी किंवा जास्त दिलं जातंय असं ठरवू नका.

"घरी सेवा करा" हा सल्ला चूकच, असंही म्हणता येत नाही. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात जात असेल, घोटभर पाणीही पोटात राहत नसेल, तर केमोने नुकसानच होतं. पण सल्ल्यामागे फक्त जन्मतारीख असेल, तर दुसरं मत घ्या.

प्रश्न: सासूबाई ८१ वर्षांच्या, अजून चारचौघांचा स्वयंपाक करतात. शेजारचे काका ६३ वर्षांचे, पण मधुमेह आणि लकव्यामुळे घराबाहेर पडत नाहीत. दोघांनाही हाच आजार. केमो कुणाला जास्त झेपेल? डॉक्टर हे अंदाजाने ठरवतात का? (एक वाचक, नाशिक)

अंदाजाने ठरवतात ते दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी. पाच मिनिटांच्या ओपीडीत "कशा आहात आजी?", "बरी आहे" एवढ्यावर भागतं. पण मोजायची साधनं आहेत आणि ती फुकट आहेत.

'जी-८' ही आठ प्रश्नांची यादी, एकूण १७ गुणांची. १४ किंवा कमी आले तर सविस्तर तपासणी हवी. वयाला त्यात फक्त २ गुण: ८० च्या आत असाल तर २, ८० ते ८५ ला १, त्यापुढे शून्य. तीन महिन्यांत किती वजन घटलं याला ३, वजन-उंचीच्या गुणोत्तराला ३, खाण्याला २, चालण्या-फिरण्याला २, स्मरणशक्ती आणि मनःस्थितीला २, आपली तब्येत आपल्याला कशी वाटते याला २, आणि रोज तीनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का याला १. तुमच्या सासूबाईंचा वयासाठी एक गुण जाईल. काकांचे किती जातील ते तुम्हीच मोजा. आपल्याकडची एक अडचण सांगायला हवी. बीएमआय २३ च्या वर असेल तरच तिथले पूर्ण ३ गुण मिळतात. उभं आयुष्य शेतात राबलेली, मुळातच काटक माणसं इथे विनाकारण गुण गमावतात. त्यांच्या बाबतीत मूळ वजन किती होतं आणि त्यातलं किती गेलं, याकडे जास्त लक्ष द्यावं.

अमेरिकेत केमोचा त्रास आधी ओळखण्यासाठी दुसरं एक कोष्टक वापरतात, 'कार्ग' नावाचं. त्यात उलटं आहे, गुण जितके जास्त तितका धोका जास्त. वय ७२ किंवा जास्त असण्याला २ गुण आहेत, पण गेल्या सहा महिन्यांत एकदा जरी पडल्या असतील तर ३. पुरुषात हिमोग्लोबिन ११ च्या खाली, स्त्रीत १० च्या खाली असेल तर ३. कमी ऐकू येण्याला २. म्हणजे न्हाणीघरात पाय घसरून पडणं हे केमोच्या दृष्टीने सत्तरी ओलांडण्यापेक्षा मोठं आहे. घरचे नेमकं हेच डॉक्टरांना सांगत नाहीत, "ते काय, ओलं होतं म्हणून पडल्या" म्हणून सोडून देतात.

ही मोजदाद करून उपयोग होतो का? अमेरिकेत ७० वर्षांवरील ७१८ रुग्णांवर झालेल्या 'गॅप-७०' चाचणीत काही ठिकाणी डॉक्टरांच्या हातात अशा तपासणीचा सारांश आणि शिफारशी दिल्या. तिथे पहिल्या तीन महिन्यांत गंभीर दुष्परिणाम ५१ टक्क्यांना झाले, इतर ठिकाणी ७१ टक्क्यांना. डॉक्टरांनी सुरुवातच जरा बेताच्या डोसने केली, आणि त्यामुळे कुणाचं आयुष्य कमी झालं नाही.

तेव्हा भेटीला जाताना एका कागदावर लिहून न्या: सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं वजन, किती वेळा पडल्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या (आयुर्वेदिक काढे, चूर्णं धरून), जिना चढता येतो का, आंघोळ आणि औषधं स्वतःची स्वतः घेतात का. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला १२ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर तेही लिहा.

प्रश्न: भाऊ ३६ वर्षांचा. जठराचा कॅन्सर, रिपोर्टवर 'सिग्नेट रिंग' लिहिलंय, पोटात पाणी झालंय. तो तरुण आहे, तर सगळ्यात स्ट्राँग तीन औषधांची केमो एकदम द्यावी असं आम्हाला वाटतं. डॉक्टर दोनच देत आहेत. (एक वाचक, कोल्हापूर)

तरुण शरीर जास्त सोसतं हे खरं. पण जास्त सोसलं म्हणून आजार जास्त हटतो, असं दर वेळी होत नाही. सिस्प्लॅटिन आणि ५-एफयू या जोडीला डोसिटॅक्सेलची जोड देऊन पाहिलेल्या २००६ च्या मोठ्या चाचणीत आयुष्याचा मधला आकडा ८.६ वरून ९.२ महिन्यांवर गेला, आणि पांढऱ्या पेशी घसरून ताप किंवा जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण १२ वरून २९ टक्क्यांवर. जपानमध्ये ७४१ रुग्णांत सिस्प्लॅटिन आणि एस-१ (५-एफयूच्या जातीची गोळी) या जोडीला डोसिटॅक्सेल जोडलं, तर काहीच मिळालं नाही: तीन औषधांवर १४.२ महिने, दोनवर १५.३. अलीकडे फ्रान्समध्ये ऑक्सॅलिप्लॅटिन-५-एफयूच्या जोडीला डोसिटॅक्सेल देऊन १२.६ वरून १५.१ महिने मिळाले आहेत. म्हणून निवडक, धट्ट्याकट्ट्या माणसाला तीन औषधं देणारे डॉक्टर चूक करत नाहीत. पण पोटात पाणी आहे, खाणं कमी आहे, अशा वेळी दोन औषधांनी सुरुवात करणं हेच शहाणपणाचं.

म्हाताऱ्यांसाठी हा प्रश्न जवळपास निकाली निघाला आहे. जर्मनीत ६५ वर्षांवरील १४३ रुग्णांत दोनाला तिसरं औषध जोडलं, तेव्हा गंभीर त्रास ३९ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेला, आणि पसरलेल्या आजारात किंवा सत्तरीपुढे त्याचा फायदा दिसला नाही. त्याच गटाच्या आधीच्या चाचणीत ६५ च्या पुढच्यांना सिस्प्लॅटिनऐवजी ऑक्सॅलिप्लॅटिन दिल्यावर ७.२ च्या जागी १३.९ महिने दिसले. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला आणि कानाला जड, शिवाय त्याच्यासोबत भरपूर सलाईन द्यावं लागतं. कमजोर हृदयाला ते पेलवत नाही. सत्तरीच्या माणसाच्या चिठ्ठीवर सिस्प्लॅटिन दिसलं, तर "ऑक्सॅलिप्लॅटिन का नाही?" असं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

भावाच्या बाबतीत वयामुळे दोन वेगळ्या गोष्टी पुढे येतात. लग्न, मूल व्हायचं असेल तर पहिल्या सलाईनच्या आधी वीर्य गोठवून ठेवायचं. एकदा केमो सुरू झाली की वेळ टळलेली असते. दुसरं, पन्नाशीच्या आत या पसरट ('डिफ्यूज', सिग्नेट रिंग त्यातलाच) प्रकारचा कॅन्सर झाला, तर 'सीडीएच-१' जनुकाची रक्ततपासणी करावी. तिचा उपयोग त्याच्या औषधाला नाही, पण तुम्हा भावंडांना आहे.

प्रश्न: आई ७३ वर्षांची. ऑक्सॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन सुरू झालं. हॉस्पिटलमधून गोळ्यांची पिशवी दिली आणि २१ दिवसांनी या म्हणाले. आईला बीपी आणि शुगरच्या गोळ्याही आहेत. मधल्या दिवसांत घरी नेमकं काय बघायचं? (एक वाचक, ठाणे)

या एकवीस दिवसांतच बहुतेक गोंधळ होतो, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्यासोबत. चुरा करायचा नाही. एखादी वेळ चुकली तर ती सोडून द्यायची, पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. उलटी झाली तरी लगेच दुसरी द्यायची नाही. औषधाच्या डब्यात फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी किंवा ते असलेलं टॉनिक असेल, तर डॉक्टरांना दाखवा. फॉलिक ॲसिड कॅपेसिटाबिनचा जोर वाढवतं आणि तोंड येणं, जुलाब जास्त होतात. "अशक्तपणा आहे म्हणून" ते कुणीतरी हमखास लिहून देतं. आई रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेत असतील, तर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) नेहमीपेक्षा लवकर-लवकर तपासावा लागतो, नाहीतर रक्तस्राव होतो. फिट्सची फेनिटॉइन चालू असेल तर तिचंही प्रमाण रक्तात वाढतं.

जुलाब. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा जायला लागलं, किंवा रात्री उठावं लागलं, की कॅपेसिटाबिन थांबवायचं आणि फोन करायचा. "कोर्स पूर्ण करायचा असतो" हा अँटिबायोटिकचा नियम इथे लावू नका. ज्या गोळ्या राहिल्या त्या राहिल्या, नंतर भरून काढायच्या नसतात. लोपेरामाइड पहिल्यांदा ४ मिलिग्रॅम, मग दर पातळ शौचानंतर २, दिवसाला १६ च्या वर नाही. ताप किंवा शौचातून रक्त असेल, तर लोपेरामाइड न देता थेट दवाखाना.

आता बीपीच्या गोळ्या. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी गेलेलं असतं, वजन उतरल्याने बीपी आधीच कमी झालेलं असतं, आणि घरचे मात्र टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी नेमाने देत राहतात. दोन दिवसांत मूत्रपिंड बसतं. मूत्रपिंड बसलं की कॅपेसिटाबिनचे अवशेष अंगात साचतात आणि जुलाब आणखी वाढतात. तसंच शुगरचं. आई जेवत नसताना ग्लिमेपिराइड दिली तर पहाटे साखर उतरते. उलट केमोच्या दिवशी वांतीसाठी दिलेल्या डेक्सामेथासोनने दोन-तीन दिवस ती चढते. पहिल्या दिवशीच डॉक्टरांकडून लिहून घ्या: जुलाबाच्या, उलटीच्या, न जेवल्याच्या दिवशी कोणत्या गोळ्या बंद ठेवायच्या.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी सर्वांत खाली असतात. आधी पॅरासिटामॉल देऊन "बघू सकाळपर्यंत" असं करू नका. म्हाताऱ्या माणसांत कधी ताप येतच नाही. अचानक बरळणं, गुंगी, थंडी वाजणं एवढंच दिसतं. छातीत दुखलं तर गोळी तिथेच बंद. कॅपेसिटाबिनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जाऊ शकतात, ॲसिडिटी समजून अंगावर काढू नका. आणि पहिल्याच फेरीत, आठवड्याभरात, तोंड भरून फोड, जोराचे जुलाब आणि पेशी घसरणं हे तिन्ही एकदम झालं, तर शरीरात कॅपेसिटाबिनचा निचरा करणारं डीपीडी हे एन्झाइम कमी असण्याची शंका घेतात. त्याची जनुक-तपासणी होते, पण तिच्यातले नेहमीचे चार बदल मुख्यतः युरोपीय लोकांतले असल्याने, रिपोर्ट चांगला आला म्हणून बेसावध राहता येत नाही.

तळहात-तळपाय लाल होऊन चुरचुरणं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत येतं. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या चाचणीत डायक्लोफिनॅकचं १ टक्क्याचं जेल रोज दोनदा हातांना लावल्यावर त्रासदायक स्वरूपाचं हे दुखणं ३.८ टक्क्यांत झालं, साधं जेल लावणाऱ्यांत १५ टक्क्यांत. जेल स्वस्त आहे. लावायचं ते त्रास सुरू होण्याच्या आधीपासून. गरम पाण्यात भांडी घासणं, घट्ट चपला टाळा.

ऑक्सॅलिप्लॅटिननंतर चार-पाच दिवस फ्रिजचं काहीही नको. फ्रिजमधून दुधाचं पातेलं काढतानाही बोटांना झिणझिण्या येतात. थंड ताकाच्या घोटाने घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकला असं वाटून माणूस घाबरतं. कोमट पाण्याचे घोट घेतले की काही मिनिटांत उतरतं. खरोखर दम लागला, अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, तर मात्र ती ॲलर्जी. तिथे वाट पाहायची नाही.

प्रश्न: बाबांचं वय ७९. केमो नको, इम्युनोथेरपी द्या, ती म्हाताऱ्यांना सोसते असं ऐकलं. खरं का? (एक वाचक, पुणे)

इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं. ती कुणाला सोसते यापेक्षा कुणाला लागू पडते, हे आधी पाहावं लागतं, आणि ते बायोप्सीच्या ब्लॉकवर कळतं. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा. तो लॅबमधून मागून घेता येतो. त्यावर तीन तपासण्या करून घ्या: हर-२ (पेशीवरचं एक प्रथिन), एमएसआय किंवा एमएमआर (पेशीतली डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे का), आणि पीडीएल-१ चा सीपीएस (हे प्रथिन किती आहे याचे गुण). खर्च वाचवायचा म्हणून "वय झालंय, कशाला" असं म्हणून सोडतात ती नेमकी एमएसआय, आणि तीच म्हाताऱ्यांत महत्त्वाची. एमएसआय-हाय, म्हणजे ही दुरुस्ती बिघडलेला प्रकार वयस्कर माणसांत, त्यातही स्त्रियांत आणि जठराच्या खालच्या टोकाच्या गाठीत जास्त आढळतो. पसरलेल्या आजारात तो शंभरात चार-पाचच जणांत असतो, पण ज्याच्यात असतो त्याला इम्युनोथेरपीचा फायदा मोठा आणि टिकाऊ होऊ शकतो. अशा वेळी केमोशिवाय फक्त इम्युनोथेरपीचा विचार रास्त आहे.

बाकीच्यांत ती केमोच्या जोडीने देतात. निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत सीपीएस ५ किंवा जास्त असलेल्यांत ११.१ वरून १४.४ महिने झाले. सीपीएस शून्य किंवा एकच असेल, तर लाखो रुपये घालण्याआधी दोनदा विचार करा. हर-२ पॉझिटिव्ह निघालं (साधारण पाचात एक), तर ट्रास्टुझुमॅब हे हर-२ वरचं औषध जोडतात: पहिल्यांदा किलोमागे ८ मिलिग्रॅम, मग दर तीन आठवड्यांनी ६. देशी बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती औषधं) आल्यापासून ते आवाक्यात आलं आहे. त्यासाठी मूत्रपिंडाची नाही तर हृदयाची फिकीर: सुरुवातीला आणि दर तीन महिन्यांनी टू-डी इको.

इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम वयाने वाढत नाहीत, पण म्हाताऱ्यांत ते वयाच्या नावावर खपतात. मलूलपणा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ हे थायरॉइड बसल्याचंही लक्षण असतं, म्हणून टीएसएच ठरावीक अंतराने हवंच. जोडीला कॅपेसिटाबिन असेल तर जुलाब कुणामुळे, हे कळत नाही. गोळ्या बंद करून तीन-चार दिवसांत थांबले नाहीत, तर आतड्याला सूज आल्याची शंका घेऊन स्टेरॉइडचा निर्णय लागतो. नुसतं लोपेरामाइड देत बसू नये.

"कमी डोसची इम्युनोथेरपी" असंही तुमच्या कानावर आलं असेल. टाटा मेमोरियलची २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची गाजलेली चाचणी तोंड-घशाच्या कॅन्सरवर होती. जठरासाठी तिचा दाखला लावता येत नाही.

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे, आमचं उत्पन्न केशरी कार्डाच्या वर आहे. योजनेत काही होईल का? (एक वाचक, सोलापूर)

होईल. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. वय आधारवरच्या जन्मतारखेवरून धरतात. तिथे चूक असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. केमोची सगळीच औषधं पॅकेजमध्ये नसतात, म्हणून हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला औषधाचं नाव घेऊन विचारा.

प्रश्न: आजोबांच्या तीन फेऱ्या झाल्या. स्कॅनमध्ये गाठी "तेवढ्याच" आहेत. डॉक्टर म्हणतात चांगलं आहे, पण आजोबा दिवसभर पडून असतात आणि "पुरे आता" म्हणतात. (एक वाचक, पणजी)

या आजारात गाठी न वाढणं हा खरोखर चांगला निकाल आहे. पण तो एकटा पुरत नाही. जीओ-२ च्या डॉक्टरांनी केमो उपयोगी ठरली का, हे स्कॅनवरच ठरवलं नाही. आजार वाढला का, गंभीर त्रास झाला का, माणसाची रोजची स्थिती घसरली का, आणि त्याला स्वतःला हा उपचार घेतल्याचं समाधान आहे का, हे सगळं एकत्र धरलं. त्या मोजमापातही सर्वांत कमी डोसवाले पुढे होते. आजोबांच्या "पुरे" ला स्कॅनइतकंच वजन आहे.

त्याआधी त्या पडून राहण्याचं कारण शोधा. हिमोग्लोबिन, सोडियम, साखर, बीपी, थायरॉइड, नैराश्य यांतलं काही निघालं तर ते सुधारता येतं. मग पर्याय तीन. ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून फक्त गोळ्या, तीही कमी डोसने. चार-सहा आठवडे पूर्ण सुट्टी आणि मग पुन्हा भेट. किंवा केमो बंद, आणि वेदना, उलटी, पोटातलं पाणी यांच्यासाठी पॅलिएटिव्ह डॉक्टर. हा तिसरा पर्याय केमो चालू असतानाही सोबत घेता येतो. तो शेवटासाठी राखून ठेवायचा नसतो.

पुढे आजार वाढलाच, तर दुसऱ्या फळीत दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल असतं. त्याला रामुसिरुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध) जोडल्यावर ७.४ च्या जागी ९.६ महिने मिळाले. पण ते हिंडत्या-फिरत्या माणसासाठी. दिवसभर पडून असलेल्या माणसाला दुसरी फळी सुरू करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: ऑक्सॅलिप्लॅटिन बंद होऊन चार महिने झाले, तरी काकूंच्या (वय ७०) पायांच्या मुंग्या वाढतच आहेत. दोन वर्षांपूर्वी पूर्ण जठर काढलं होतं. केमोचाच परिणाम ना? (एक वाचक, इंदूर)

असू शकतो, ऑक्सॅलिप्लॅटिनच्या मुंग्या औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने वाढत राहतात. पण जठर काढलेल्या माणसात आधी बी-१२ बघा. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. त्यामुळे जठर गेल्यावर एक-दोन वर्षांत साठा संपतो. शाकाहार आणि मेटफॉर्मिन असेल तर त्याहून लवकर. अशांना बी-१२ चं इंजेक्शन कायमचं लागतं, आणि ते कधी सुटलं हे केमोच्या धामधुमीत कुणाच्या लक्षात राहत नाही. इंजेक्शन देण्याआधी रक्त द्या, नाहीतर पातळी खोटी वाढलेली दिसते. तोवर पायांत सपाट, मागून बंद चप्पल, रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा, आणि पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही.